खाडीत ‘थांबा’ म्हणणारा कोण?

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ नावाचा बार्ज नांगर गमावून उत्तरेकडे वाहत गेला आणि पालघरजवळच्या वडराईच्या किनाऱ्याला लागला. त्यावर १३७ माणसं होती. तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरं आणि नौका पाठवून ती सगळी सुखरूप काढली. मागे राहिला तो बार्ज आणि त्याच्यातून वडराईच्या पाण्यात उतरलेलं डिझेल. विरारहून डहाणू लोकल पकडली तर तासाभरात पोचावं, इतकं हे गाव जवळ आहे.

त्याच वादळात मुंबईच्या पश्चिमेला, तेलक्षेत्रात कामाला असलेला ‘पी-३०५’ हा दुसरा बार्ज मात्र बुडाला. त्यावर २६१ कामगार आणि खलाशी राहत होते. रात्री त्याचे नांगर सुटत गेले, तो तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या लोखंडावर आपटला, तळाला भोक पडलं आणि १७ मेच्या संध्याकाळी तो पाण्याखाली गेला. ‘आयएनएस कोची’ आणि ‘आयएनएस कोलकाता’ या युद्धनौकांच्या नौसैनिकांनी उसळत्या समुद्रातून माणसं एकेक करून वर घेतली. ‘वरप्रदा’ नावाचा टगही बुडाला. त्यावरच्या १३ जणांपैकी दोघेच वाचले. बार्ज आणि टग मिळून ८६ जण गेले. काहींची प्रेतं पुढे कित्येक दिवसांनी रायगडच्या आणि गुजरातेत वलसाडच्या किनाऱ्याला लागली.

हे वादळ अचानक आलं नव्हतं. हवामान खात्याचे इशारे तीन-चार दिवस आधीपासून येत होते आणि तेलक्षेत्रातली बहुतेक जहाजं बंदराकडे परतलीही होती. ‘पी-३०५’ मात्र प्लॅटफॉर्मपासून थोडा बाजूला सरकून तिथेच नांगरून राहिला. या बार्जला पुढे जायला स्वतःचं इंजीन नसतं. टगने ओढलं तर तो हलतो, नाहीतर नांगरांच्या भरवशावर असतो. म्हणून वादळाच्या चार दिवस आधी टग लावून परत फिरण्याचा निर्णय हाच त्यावरच्या माणसांच्या जिवाचा निर्णय होता. तो कुणी घ्यायचा, बार्जच्या कप्तानाने, ठेकेदाराने, की तेल कंपनीने, यावर नंतर पुष्कळ दोषारोप झाले, गुन्हा दाखल झाला, केंद्राने उच्चस्तरीय समिती नेमली. या सगळ्यातून मला दिसलेली गोष्ट एकच. ज्याला पाणी कळतं त्याच्या हाती थांबवण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हाती अधिकार होता ते पाण्यावर नव्हते. वसई-विरारच्या दोन खाड्यांत आणि समोरच्या समुद्रात आज जी टग-बार्जची ये-जा आहे, तिच्याकडे मी याच नजरेने पाहतो आहे.

आपला वसई तालुका तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. दक्षिणेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचा समुद्राकडे येणारा फाटा. उत्तरेला वैतरणा आणि तिच्या मुखाशी अर्नाळ्याचं बेट. पश्चिमेला अरबी समुद्र. वसई आणि अर्नाळा ही दोन्ही राज्याच्या लहान बंदरांच्या यादीत आहेत आणि १९९६मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून २०१६च्या कायद्यात राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला आहे. कागदावर ही वाहती वाट आहे, प्रत्यक्षातही ती पुन्हा वाहती होते आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली आणि रस्त्याचा अडतीस किलोमीटरचा वळसा साडेतीन किलोमीटरच्या पाण्यावर आला. एप्रिल २०२५मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडे सफाळ्याच्या बाजूला खारवाडेश्रीपर्यंत दुसरी रो-रो धावू लागली. शिवाय पुलांच्या कामावरचे क्रेनवाले बार्ज आहेत, त्यांना ओढणारे छोटे टग आहेत, माणसं नेणाऱ्या यांत्रिक होड्या आहेत, कोळ्यांच्या बोटी आहेत, आणि रात्री-अपरात्री रेती उपसणारे बार्ज आहेत, ज्यांची नोंद कुठल्याच वहीत सापडत नाही.

एवढी वर्दळ एका पाण्यात असली की ‘वाट कुणाला ठाऊक आहे?’ हा प्रश्न आधी येतो. मोठ्या बंदरांनी त्याचं उत्तर पायलटमध्ये शोधलं. जहाजाचा कप्तान जगभर फिरतो. त्याला समुद्र कळतो, पण प्रत्येक बंदराचा गाळ, खडक, ओढ आणि वारा कळणं शक्य नाही. म्हणून बंदराचा माणूस छोट्या बोटीने बाहेर जातो, चालत्या जहाजाच्या बाजूला लटकलेल्या दोरशिडीने वर चढतो आणि जहाज आत आणतो. ही शिडी चढणं हेच या पेशातलं सर्वांत धोक्याचं काम आहे. पाण्यापासून डेक नऊ मीटरपेक्षा उंच असेल तर नुसती दोरशिडी चालत नाही, तिला जहाजाचा तिरका जिना जोडावा लागतो, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तरी शिडीची दोरी कुजलेली निघाली, पायरी फिरली, म्हणून जगभर पायलट पडतात आणि मरतात.

कायदा या पायलटच्या पाठीशी उभा आहे. १९०८च्या भारतीय बंदर कायद्याच्या एकतिसाव्या कलमाने दोनशे टनांच्या वरच्या जहाजाला पायलटशिवाय बंदरात ये-जा करायला मनाई केली होती. मात्र हे कलम ज्या बंदराला खास लागू केलेलं असेल, तिथेच ते चालायचं. मुंबईसारख्या बंदरात पायलट ‘आज नको, पाणी कमी आहे’ म्हणाला की जहाज बाहेर थांबतं. कप्तानाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही, जहाज कायम त्याचंच असतं. पण पायलटचा शब्द डावलून पुढे जाण्याची त्याची हिंमत होत नाही. वसईच्या खाडीत किंवा वैतरणेत शिरणाऱ्या बार्जकडे अशी पायलटची बोट येत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा भारतीय बंदर कायदा आला आणि राज्यांच्या सागरी मंडळांना त्यात ठळक स्थान मिळालं. लहान बंदरांसाठी नियम आखण्याची ही चांगली वेळ आहे, कारण नवी घडी बसत असतानाच जुनी भोकं बुजवता येतात.

पायलट असले म्हणजे सगळं निभावतं असंही नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. एक बाहेर निघालेलं, दुसरं आत येणारं. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू ही दोन बंदरं एकच वाट वापरतात आणि दोन्हीकडचे पायलट वेगळे. सुमारे तीनशे कंटेनर पाण्यात पडले, आठशे टनांच्या आसपास तेल सांडलं, वाटेत तरंगणाऱ्या कंटेनरांमुळे दोन्ही बंदरं काही दिवस बंद ठेवावी लागली. जीव कुणाचा गेला नाही, पण तेलाच्या भीतीने लोकांनी मासळी खाणं सोडलं आणि फटका बसला तो कोळीवाड्यांना. एका वाटेवर दोन धनी असले की मधल्या फटीत अपघात शिरतो. आपल्या खाड्यांत धनी दोनच नाहीत: सागरी मंडळ, जिल्हाधिकाऱ्यांचं खनिकर्म खातं, रेल्वे, पुलांचे ठेकेदार, सागरी पोलीस आणि मत्स्यव्यवसाय विभाग, सगळे एकाच पाण्यावर आपापली कामं करतात.

मग इथली वाट कुणाला ठाऊक आहे? अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या, नायगावच्या तांडेलांना, म्हणजे कोळी बोटींच्या कप्तानांना. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्यांना कॅलेंडर न बघता येतं: चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. उधाणाला इथलं पाणी पाचेक मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. हे चढणं सहा तासांत सारखं वाटलेलं नसतं. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाव, मग पुन्हा मंद होत जातं. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी खाडीत शिरतं किंवा खाडीतून बाहेर पडतं. पुलाच्या खांबांमधून भरलेला बार्ज न्यायची ही सर्वांत वाईट वेळ, आणि घाईतल्या ठेकेदाराला नेमकी हीच सोयीची वाटते, कारण ओढीबरोबर डिझेल वाचतं. जाणता तांडेल भरतीच्या माथ्याशी पाणी थबकतं तेव्हाच पुलाखालून जाईल.

वैतरणेच्या मुखाशी रेतीचे बांध आहेत. पावसाळ्यात नदीला पूर येतो, बाहेरून लाटा येतात, आणि ऑक्टोबरमध्ये पाहावं तर बांधाची जागा सरकलेली असते. गेल्या वर्षीचा नकाशा यंदा खोटा ठरतो. जून ते ऑगस्टमध्ये वसईच्या खाडीच्या तोंडाशीही ओहोटीचं पाणी आणि उल्हासचा पूर एक होऊन बाहेर लोटतो, त्याला समोरून नैर्ऋत्येची लाट भिडते आणि पाणी उभं राहतं. त्यात डोल जाळ्यांचे दोर आणि कवी. समुद्राच्या तळात रोवलेल्या या खुंटांना जाळी बांधून बोंबील, जवळा धरण्याची पद्धत इथे जुनी आहे. टगच्या पंख्यात जाळ्याचा दोर गुंडाळला गेला की एका क्षणात टगही बार्जसारखाच असहाय होतो, आणि त्या कोळ्याचं हजारो रुपयांचं जाळं जातं ते वेगळंच. कवींच्या जागांवरून वसई-उत्तनच्या आणि सातपाटीकडच्या मच्छीमारांमध्ये आपसातही वाद आहेत, तेव्हा या जागा कुठे आहेत हे कुणालाच माहीत नाही असं समजायचं कारण नाही. माहिती आहे, फक्त ती टगच्या केबिनमधल्या नकाशावर उतरलेली नाही.

आता टगकडे येऊ, कारण बाहेरच्या माणसाला टग ही साधी ओढणारी होडी वाटते. टगची ताकद टनांत मोजतात: तो धक्क्याला बांधलेल्या दोरावर किती टन ओढ लावू शकतो, यावरून. नव्या टगचे पंखे तळाशी चारही दिशांना फिरतात, त्यामुळे तो आडवासुद्धा सरकू शकतो. आपल्या खाड्यांत चालतात ते बहुधा जुन्या घडणीचे: मागे एक किंवा दोन पंखे, पुढे सुकाणूची केबिन, मध्याच्या आसपास दोराचा हूक. या जुन्या घडणीतच एक जीवघेणा धोका आहे. दोर टगच्या मागून सरळ जातो तोवर ठीक. पण मागचं जहाज किंवा भरलेला बार्ज ओढीत सापडून पुढे सरकला, किंवा वळला, की दोर टगच्या कुशीत आडवा येतो. चिखलात रुतलेल्या गाडीच्या बैलाला कासऱ्याने कुशीतून खेचावं, तसा टग कलंडतो. दहा-पंधरा सेकंदांत डेकची कड पाण्याखाली जाते, उघड्या दारांतून पाणी आत शिरतं आणि सगळं संपतं. १९ डिसेंबर २००७ला स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत धुक्यात ‘फ्लाइंग फँटम’ हा टग असाच उलटला. चौघांपैकी तिघे गेले. तिथे पायलट, नियम, दिवे, सगळं होतं.

यावर उपाय अवघड नाहीत, महागही नाहीत. ओढताना इंजीनघराची आणि डेकची पाणबंद दारं बंद ठेवायची. उकाड्यात आपले खलाशी ती हमखास उघडी टाकतात, आणि आत इंजिनाशी उभं राहणाऱ्याला त्याचा दोष देववत नाही. त्याला हवा खेळती ठेवणारा पंखा द्यायला हवा. हूक ताणाखालीही केबिनमधून एका झटक्यात सुटला पाहिजे, आणि तो सुटतो का हे दर आठवड्याला पाहिलं पाहिजे. गंजलेला हूक बंदरात उभ्या टगवर शोभेला चालतो, ओढीच्या क्षणी तो सुटत नाही. दोर मागच्या बाजूला दाबून धरणारी आडवी दोरी लावायची, म्हणजे तो कुशीत येऊ शकत नाही. ओढत असताना दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कारण ताणलेली वायर तुटली तर ती माणसाचे दोन तुकडे करते. हे नियम ज्यांनी लिहिले, त्यांनी ते माणसं गमावून लिहिले आहेत.

दोर तुटला तर काय होतं हे मुंबईने ११ जून २०११ला पाहिलं. अलंगला भंगारात निघालेलं ‘विस्डम’ हे जहाज टगच्या दोरावर जात होतं. पावसाळी समुद्रात दोर तुटला, जहाज भरकटलं, ते वांद्रे-वरळी सागरी सेतूला धडकतं की काय अशी भीती निर्माण झाली आणि शेवटी ते जुहूच्या वाळूत बसलं. लोक आठवडेच्या आठवडे त्याच्यापुढे फोटो काढत राहिले. माणूस नसलेल्या ओढीच्या जहाजावर दुसरा, राखीव दोर आधीच बांधून त्याचं टोक तरंगत्या बोयासकट मागे सोडून ठेवतात. पहिला तुटला तर टगने फिरून तो बोया पकडायचा, रिकाम्या जहाजावर कुणी चढायची गरज नाही. ही जुनी रीत आहे. जूनमध्ये, पश्चिम किनाऱ्यावर, अशी ओढ निघूच कशी दिली, हा प्रश्न मला त्या वेळीही पडला होता, आजही पडतो.

पावसाळ्याच्या बाबतीत आपण स्वतःलाच फसवत आलो आहोत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, प्रवासी लाँचही उघड्या समुद्रात बंद होतात. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचा मान राखतात. पण मालवाहू बार्ज चालू राहतात. १७ जून २०२१ला, तौक्तेला जेमतेम महिना झाला होता, रेवदंड्याजवळ ‘मंगलम’ हा बार्ज बुडायला लागला आणि तटरक्षक दलाने त्यावरच्या सोळा जणांना वाचवलं. जुलै २०२४च्या अखेरीस ‘जेएसडब्ल्यू रायगड’ अलिबागला कुलाबा किल्ल्याजवळ अडकला. चौदा जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. जयगड आणि धरमतर यांच्या दरम्यान कोळसा आणि खनिज नेणारे असे स्वयंचलित बार्ज नदी आणि किनारा दोन्हीकडे चालतील अशा बेताने बांधलेले असतात. म्हणजे तळ सपाट, बूड उथळ, आणि कमी पाण्यात जाता यावं म्हणून केलेली ही सोय उसळत्या समुद्रात गैरसोय होते. दोन्ही वेळा माणसं वाचली, म्हणून दोन्ही बातम्या दोन दिवसांत विसरल्या गेल्या. तटरक्षक दलाच्या वैमानिकांचं कौतुक करावं तितकं थोडं आहे. पण त्यांची हेलिकॉप्टरं हा वाहतुकीच्या नियोजनाचा भाग समजणं बरोबर नाही.

विरारकरांना सर्वांत जवळचा, आणि मला सर्वांत भीती वाटणारा विषय वैतरणेच्या रेल्वे पुलांचा आहे. विरार आणि वैतरणा स्थानकांच्या पुढे ९२ आणि ९३ क्रमांकाचे पूल आहेत. मुंबई-अहमदाबाद-दिल्ली ही देशातली अत्यंत गजबजलेली लोहवाट त्यांच्यावरून जाते; राजधानी जाते, मालगाड्या जातात, आणि सकाळी डहाणू-पालघर-सफाळ्याहून कामावर येणारी लोकल जाते. याच पुलांच्या आसपास सक्शन पंपाने रेतीचा उपसा चालतो. पूर्वी डुबी मारून, पाटीने रेती काढणारे लोक होते. त्यांच्या हाताने नदीला खड्डा पडत नसे. सक्शन पंप एका रात्रीत खांबाच्या पायथ्याशी विहीर पाडतो. महसूल खातं धाडी घालतं, बार्ज गॅस कटरने तोडतं, पंप जाळतं, आणि काही दिवसांनी नवे येतात. वर्तमानपत्रांतून या उपशाची चर्चा पायाच्या खचण्यापुरती होते. दुसऱ्या धोक्याबद्दल कुणी बोलत नाही: दिवे न लावता, काठोकाठ भरून, नोंदणी नसलेला बार्ज रात्री ओहोटीच्या ओढीत पुलाच्या खांबावर गेला तर?

हे झालेलं आहे, दुसऱ्या देशात. २२ सप्टेंबर १९९३च्या पहाटे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ‘मोव्हिला’ नावाचा टग सहा बार्ज ढकलत नदीतून चालला होता. दाट धुकं पडलं. टग चालवणाऱ्याला रडार नीट वाचता येत नव्हतं. तो मुख्य नदी सोडून चुकीच्या फाट्यात शिरला आणि बार्ज तिथल्या रेल्वे पुलावर आदळले. पूल तीनेक फूट बाजूला सरकला. रूळ वाकले, पण तुटले नाहीत; रूळ तुटला असता तर सिग्नल लाल झाला असता. सिग्नल हिरवाच राहिला. आपण कशावर तरी अडकलो एवढंच टगवरच्यांना कळलं. आठेक मिनिटांनी ‘सनसेट लिमिटेड’ ही प्रवासी गाडी भरधाव आली आणि पाण्यात गेली. ४७ जण मेले.

या आठ मिनिटांच्या समोर बाल्टिमोरची २६ मार्च २०२४ची रात्र ठेवून पाहा. ‘डाली’ हे तीनशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज, त्यावरचे खलाशी बहुतेक भारतीय, बंदरातून निघालं. टगांनी त्याला वाटेला लावलं आणि ते परत फिरले. पुढे जहाजाची वीज गेली, सुकाणू निकामी झालं आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या दिशेने जाऊ लागलं. जहाजावरच्या पायलटने रेडिओवरून खबर दिली, आणि पोलिसांनी पुलाच्या दोन्ही टोकांना गाड्या अडवल्या. पूल कोसळला. पुलावर रस्त्याची डागडुजी करणारे सहा मजूर गेले, पण वाहनांनी भरलेला पूल कोसळला नाही. त्या पायलटला जहाज थांबवता आलं नाही. रस्ता थांबवता आला, कारण कुणाला हाक मारायची हे त्याला ठाऊक होतं आणि पलीकडे ती हाक ऐकायला माणूस होता.

वैतरणेत उद्या एखाद्या टगचा दोर तुटला आणि बार्ज ९२ क्रमांकाच्या पुलाकडे वाहायला लागला, तर टगवरच्या सारंगाने कुणाला हाक मारायची? त्याच्याकडे मोबाइल असेल, कदाचित रेडिओही. विरारच्या स्टेशन मास्तरांचा नंबर असेल का? रेल्वेचा नियंत्रण कक्ष त्या पाण्यातल्या रेडिओची वाहिनी ऐकतो का? पुलाच्या खांबांवर जलवाहतुकीसाठी दिवे, वर क्रमांक आणि खाली तातडीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवायला किती खर्च येईल? वसईच्या खाडीवर भाईंदर-नायगावच्या रेल्वे पुलांनाही हेच लागू आहे, त्यांच्याखालून तर आता रो-रोच्या शेजारून इतर वाहतूकही वाढेल. ही कामं मोठ्या प्रकल्पांत मोडत नाहीत, म्हणून ती कुणाच्याच टेबलावर नाहीत.

समुद्रातल्या रात्रीचा एक वेगळा मुद्दा कोळ्यांसाठी सांगायलाच हवा. टग जेव्हा बार्ज ओढत असतो, तेव्हा त्याच्या डोलकाठीवर एकाखाली एक दोन पांढरे दिवे असतात. टगच्या मागच्या टोकापासून बार्जच्या शेवटच्या टोकापर्यंतचं अंतर दोनशे मीटरपेक्षा जास्त असेल तर तीन. मागे पांढऱ्या दिव्याच्या वर एक पिवळा दिवा. दिवसा, लांब ओढ असेल तर, हिऱ्याच्या आकाराची काळी खूण. मागच्या बार्जवर लाल-हिरवे बाजूचे आणि मागचा पांढरा दिवा हवा. तो बहुतेक वेळा बॅटरीवर चालतो आणि बहुतेक वेळा मंद असतो. मासे मारून घरी परतणाऱ्या बोटीला टग दिसतो, तो गेला की मधे पाणी मोकळं दिसतं, आणि बोट त्या मोकळ्या पाण्यात शिरते. मधे पाण्याखाली झुकलेली पोलादी वायर असते, मागून अंधारात बार्ज येत असतो. दोन किंवा तीन पांढरे उभे दिवे दिसले की मागे जायची घाई करायची नाही, एवढं प्रत्येक तांडेलाला, आणि त्याच्या बोटीवरच्या पोरालाही, ठाऊक व्हायला हवं. हे सहकारी मच्छीमार संस्थांच्या एका संध्याकाळच्या सभेत शिकवता येतं.

हे सगळं आज तातडीचं झालं आहे वाढवणमुळे. ३० ऑगस्ट २०२४ला पायाभरणी झालेलं हे बंदर ७६,२२० कोटी रुपयांचं आहे. डहाणूच्या समुद्रात वीस मीटरची नैसर्गिक खोली, सुमारे दहा किलोमीटरचा लाटरोधक बांध, १,४४८ हेक्टर भराव, आणि भरावासाठी दमणच्या बाजूच्या समुद्रातून आणायची वीस कोटी घनमीटर रेती. बंदर व्हावं की नाही यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं लढा दिला आहे, न्यायालयात दाद मागितली आहे. त्यांचं म्हणणं मला पटतं: ज्यांच्या पिढ्यांनी त्या समुद्रातून पोटं भरली, त्यांना केवळ नुकसानभरपाईच्या यादीतली नावं समजणं अन्याय आहे. त्या वादाचा निकाल काय लागायचा तो लागो. बंदरात जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं येतील तेव्हा त्यांच्यासाठी पायलट, चारही दिशांना फिरणारे शक्तिमान टग, रडारवाला वाहतूक कक्ष, सगळं येईल. त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती मधल्या वर्षांची. दगड, रेती, क्रेन, पाइप घेऊन जाणारे शेकडो टग-बार्ज दातिवरे, केळवे, सातपाटी, मुरबे, तारापूरच्या समोरून दिवस-रात्र जातील, आणि त्यांचा बराचसा ताफा लहान उपठेकेदारांचा, भाड्याने घेतलेला असेल. ‘पी-३०५’ची साखळीही अशीच होती: तेल कंपनी, तिचा ठेकेदार, त्याने भाड्याने घेतलेला बार्ज. साखळी जितकी लांब, तितका ‘थांबा’ म्हणणारा माणूस खाली आणि दुबळा.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. कच्छच्या आखातासाठी जसा जहाजांवर नजर ठेवणारा वाहतूक कक्ष आहे, तसा पालघर किनाऱ्यासाठी बांधकाम सुरू होतानाच हवा, बंदर पूर्ण झाल्यावर नव्हे. प्रत्येक ओढीचा आराखडा, म्हणजे टगची ताकद, दोराची लांबी, मार्ग, निघण्याची वेळ, वादळात आसरा घ्यायची जागा, आदल्या दिवशी त्या कक्षाकडे गेला पाहिजे आणि मराठीत कोळीवाड्यांच्या फलकांवर लागला पाहिजे. वाऱ्याची मर्यादा कागदावर आधी ठरलेली हवी: इतक्या वेगाच्या पुढचा इशारा आला की ओढ आपोआप रद्द, आणि त्या दिवसाचं भाडं बुडणार नाही अशी तरतूद ठेक्यातच. नाहीतर हवामान खात्याचा इशारा आणि दिवसाचं भाडं यांत दरवेळी भाडं जिंकेल.

आणि दोन खाड्यांसाठी परवानाधारक पायलट हवेत. त्यासाठी बाहेरून माणसं आणायची गरज नाही. २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने सारंग आणि मास्तर यांच्या प्रमाणपत्रांची वाट नव्याने आखली आहे. सातपाटीला मत्स्यव्यवसायाचं प्रशिक्षण केंद्र आहे. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव, दातिवऱ्याच्या ज्या तांडेलांनी वीस-पंचवीस वर्षं हे बांध आणि ही ओढ रोज ओलांडली आहे, त्यांचा अनुभव परीक्षेत गुण म्हणून मोजावा, रडार, रेडिओ आणि टगची हाताळणी त्यांना शिकवावी, आणि मग पुलाखालून जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या बार्जवर त्यांच्यापैकी एकाने चढणं सक्तीचं करावं. पाणी चुकीचं असेल तर बार्ज जागीच थांबवण्याचा लेखी अधिकार त्याच्या परवान्यावरच छापलेला असावा, आणि तो वापरला म्हणून ठेकेदाराला त्याची तक्रार सागरी मंडळाखेरीज कुठे करता येऊ नये. सुरुवातीला दोन्ही खाड्या मिळून आठ-दहा माणसं पुरतील. त्यांचा पगार बार्जच्या फेरीवर लावलेल्या शुल्कातून निघेल, जसा मोठ्या बंदरात पायलटचा खर्च जहाजाकडूनच घेतात.